क्रीडांगणाची कैफियत

आपल्या क्रीडा मंडळाचा इतिहास लिहावयास बसलो तेव्हा स्मरणिका समितीने माझ्या स्वाधीन केलेली सर्व साधनसामग्री एका पत्र्याच्या पेटीत मावली : हजेरीच्या काही वह्या, वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती, कडा कुरतडलेली दोन इतिवृत्त-पुस्तके, आणि अगदी तळाशी, ज्यांची शाई अजून काळीभोर आहे परंतु जे वाचून दाखवू शकतील अशी माणसे आता गावात मोजकीच उरली आहेत, असे उर्दूतील तीन-चार कागद. अध्यक्ष कोण होते, कोणत्या ठरावास कोणी अनुमोदन दिले, साल अखेर शिल्लक किती राहिली, हे सारे या कागदांवरून सांगता येते, आणि स्मरणिकेच्या शेवटी दिलेल्या तक्त्यांत ते सांगितलेही आहे. परंतु ज्या जागेसाठी हे ठराव झाले, जिच्यावर तीन पिढ्यांनी गुडघे फोडून घेतले, आणि जिच्यावर एक हंगाम घाम गाळल्यावाचून मंडळ म्हणजे काय हे कोणाही नवागतास कधी उमगले नाही, ती जागा या दप्तरात कोठेही भेटत नाही. म्हणून हा लेख मी मैदानापासून आरंभितो.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली परभणी जिल्ह्याची काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला जितकी उदार आहे, तितकीच ती खेळणाऱ्याच्या पायाला कठोर आहे. मृगाच्या दोन सरी पडल्या की तीच माती लोण्यासारखी होते, तळव्याला थरावर थर चिकटून पाय मणामणाचे करते आणि चप्पल ओढून घेते. पाऊस सरला की तिचे ढेकूळ दगडासारखे बनते. आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती अशी उलते की त्या भेगांत लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जावा. मुरमाड माळावर वसलेल्या गावांतील तालीमबाजांना आमच्या या अडचणीची कल्पना येणे कठीण आहे. त्यांना मैदान मिळते, आम्हांला ते घडवावे लागते. गावाबाहेरच्या ज्या गायरानाच्या तुकड्यावर आपले मैदान उभे आहे, तेथे पूर्वी मोंढ्यात कापूस घेऊन आलेल्या गाड्यांचे बैल सोडीत, आणि त्या बैलांच्या गोठणीत हरळी, कुंदा आणि सराटे यांखेरीज काही उगवत नसे. अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या दृष्टीने सराटा हा सर्वांत मोठा वैरी. तेव्हा मंडळाचे पहिले सामुदायिक कार्य कोणते असे कोणी विचारील, तर ते सराटे वेचणे हेच होय, आणि ते एका दिवसाचे नव्हते, लागोपाठ तीन पावसाळ्यांचे होते.

सराटे निघाल्यावर खरे काम सुरू झाले. ज्या गुरुजींना आम्ही मंडळाचे संस्थापक मानतो, ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि शेतकऱ्याच्या घरचे होते. म्हणून काळ्या मातीशी भांडण्यात अर्थ नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी जेथे हुतूतू आणि खो-खोची मैदाने आखावयाची होती तेवढ्या जागेतील काळी माती वीतभर खोल उपसून काढविली. त्या जागी माळावरचा मुरूम भरविला. त्यावर दगडी रूळ फिरविला. आणि सर्वांत वर चाळणीने चाळलेल्या पांढऱ्या मातीचा थर दिला. आपल्याकडे ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गाव, हा भेद पूर्वापार आहे. पांढरीच्या मातीत घरे बांधतात, ती पाण्याने फुगत नाही आणि उन्हाने उलत नाही. ही माती गावातील पडक्या गढीच्या बुरुजाची होती. कापसाचा हंगाम उलगडला आणि बैल रिकामे झाले म्हणजे ज्याच्या घरी गाडी त्याने मुरमाच्या दोन खेपा, ज्याच्या घरी गाडी नाही त्याने पांढऱ्या मातीच्या वीस पाट्या, अशी वर्गणी ठरली होती. रोख रकमेची वर्गणी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. गावाची पांढरी उचलून काळीवर अंथरली, ती बसेपर्यंत तिच्यावर पाणी शिंपले, शेणकाला केला, आणि मग तिच्यावर आमच्या वडीलभावांनी पहिली निदान रेषा फक्कीने आखली.

आता त्या उर्दू कागदांकडे वळावयास हवे. परभणी हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद सुभ्याचा एक जिल्हा होता. जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाई. कचेरीची भाषा उर्दू, नाणे हाली शिक्क्याचे आणि साल फसली होते. खासगी शाळा काढावयाची, आखाडा उघडावयाचा किंवा सभा भरवावयाची म्हटले की सरकारची पूर्वपरवानगी लागे, आणि सभाबंदीची ‘गश्ती निशाण ५३’ तर त्या काळच्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी होती. १९३७ साली तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यातील परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या पुढल्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थी वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढले गेले, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. अशा दिवसांत दहा-वीस तरुणांनी लंगोट कसून एकत्र येणे ही गोष्ट सरकारच्या लेखी निव्वळ खेळाची राहिली नव्हती. म्हणून गुरुजींनी जी दरखास्त केली तीत आखाडा हा शब्दच नाही. मुलांना संध्याकाळी खेळता यावे एवढ्यासाठी गायरानातील एक तुकडा झाडून स्वच्छ ठेवण्याची इजाजत असावी, इतकीच विनंती तीत आहे. तिच्यावर शेरा पडला तो ‘जेर-ए-गौर’, म्हणजे विचाराधीन. आणि १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन होईपर्यंत ती विचाराधीनच राहिली. परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. त्या दोहोंच्या मधल्या फटीत आपले मंडळ वाढले.

त्या दरखास्तीचे अक्षर फार देखणे आहे. गुरुजींना उर्दू वाचता येई, पण असे लिहिता येत नसे. ते अक्षर सरकारी फौकानियात, म्हणजे हायस्कुलात, असलेल्या ड्रिल मास्तरांचे होते, हे गुरुजींनी मला पुष्कळ वर्षांनी, आपल्या अखेरच्या आजारात सांगितले. सरकारी नोकरीत असलेल्या मुसलमान गृहस्थाने हुतूतू खेळणाऱ्या पोरांसाठी अर्जी लिहून द्यावी, आणि ती कोणी लिहिली हे कचेरीत कळू नये म्हणून गुरुजींनी स्वतः ती नेऊन दाखल करावी, यात त्या दोघांनी एकमेकांवर केवढा विश्वास टाकला होता, हे आज समजावून सांगणे अवघड आहे. पोलीस कारवाईनंतरचे महिने आपल्या भागात सर्वांना सुखाचे गेले नाहीत. त्या दिवसांत मास्तरसाहेब काही काळ दिसेनासे झाले. पुढे ते परत आले ते एका काखेत चामड्याचा फुटबॉल घेऊन थेट मैदानावर आले, आणि गुरुजींनी कोणास काही न विचारता मैदानाचा पूर्वेकडील अर्धा भाग त्यांना आखून दिला. इतिवृत्तात याची नोंद नाही. माझ्या मते मंडळाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा ठराव होय.

मी मैदानावर आलो तो वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी. हुतूतूचे तेव्हा आजच्यासारखे एकच एक रूप नव्हते. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी मारला की पुन्हा उठे. गामिनीत मेला तो मेला, सर्व संघ मरेपर्यंत त्याने कडेला बसावयाचे. आणि अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात. खेड्यापाड्यांतून येणारी मुले आपापल्या गावचा प्रकार घेऊन येत आणि पहिला अर्धा तास कोणत्या नियमाने खेळावयाचे याच्या वादात जाई. गुरुजी तो वाद मोडीत नसत. एकदा त्यांनी आम्हांला सांगितले होते की पैठणच्या नाथांनी हमामा, हुंबरी, हुतूतू यांवर अभंग केले आहेत, त्याअर्थी हे खेळ तुमच्या-माझ्यापेक्षा वयाने वडील आहेत, आणि वडिलांना अनेक सवयी असतात. पुढे १९५० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय कबड्डी महासंघाचे नियम आमच्यापर्यंत पोहोचले, हुतूतूची कबड्डी झाली, आणि वाद संपला. त्याबरोबर गामिनीतील कडेला बसलेल्या, मेलेल्या गड्यांची ती आर्त आरोळीही संपली, तिचे मला आजही वाईट वाटते.

माझा स्वतःचा खेळ मात्र खो-खोचा. आठ गडी एका ओळीत आळीपाळीने तोंडे विरुद्ध दिशांना करून बसलेले, नववा पाठलागावर. त्याने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडल्यावाचून उलटे फिरता येत नाही, आणि पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा विणीत जातो. या एका बंधनातून खेळाची सारी सुंदरता निर्माण झालेली आहे. धावणाऱ्याला खोळंबा झाला की तो बसलेल्या गड्याच्या पाठीस हात लावून ‘खो’ देतो आणि त्याच्या जागी बसतो. म्हणजे आपला वेग दुसऱ्याच्या स्वाधीन करून स्वतः स्थिर होतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधावयास घेतले आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली ते छापील स्वरूपात सर्वत्र नेले. त्या नियमपुस्तिकेची एक प्रत आमच्याकडील दोन तरुण शिक्षणासाठी वऱ्हाडात गेले होते त्यांनी अमरावतीहून आणली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे १९१४ पासूनचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखविले होते. ती हकीकत त्या दोघांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकली की, जणू बर्लिनच्या मैदानावरही पांढऱ्या मातीचा थर टाकला असावा असे आम्हां मुलांना वाटे.

माती खेळाला कशी घडविते हे मला प्रथम गंगाखेडला कळले. जनाबाईच्या त्या गावी गोदेच्या वाळवंटात सामना ठरला होता. आमचे पाय कठीण, रुळलेल्या जमिनीला सरावलेले. वाळूत आमची प्रत्येक उडी अर्ध्यावर बुडू लागली, हुलकावणी देण्यासाठी पाय रोवावा तर तो रुततो, आणि खांबापाशी सूर मारावा तर तोंडात वाळू जाते. समोरचे गडी मात्र, लहानपणापासून त्या वाळवंटात धावलेले, बगळ्यासारखे वरच्या वर तरंगत निघून गेले. आम्ही एका डावाने हरलो. पुढच्या दसऱ्याला ते आमच्याकडे आले तेव्हा आमच्या टणक मैदानावर त्यांच्या पोटऱ्या तासाभरात भरून आल्या, आणि ते हरले. तिसरा सामना कधी झालाच नाही, आणि कोणाचा संघ चांगला होता या प्रश्नाचा निकाल लागावा अशी इच्छाही कोणी दाखविली नाही. दोन्ही संघ दोन्ही वेळी एका पंगतीला जेवले, हे मात्र मला पक्के आठवते, कारण गंगाखेडच्या पंगतीत मी प्रथम शेंगदाण्याची आमटी चाखली.

मला झालेली दुखापत येथे सांगावयाची ती तिच्यातून मंडळाचा एक नियम निघाला म्हणून. चैत्र महिना होता, मैदान बंद असावयास हवे होते, परंतु आम्ही काही उनाड मुले उन्हे उतरल्यावर पूर्वेकडच्या, म्हणजे थर न दिलेल्या भागात धावत होतो. माझा पाय भेगेत गेला आणि घोट्याचे हाड मोडले. तीन महिने मी घरात पडून होतो. दररोज संध्याकाळी मास्तरसाहेब येत, माझ्या खाटेपाशी बसत, ‘बेटा, आज किती उतार आहे?’ असे विचारून पायाला तेल लावीत, आणि मैदानावर काय झाले ते सांगत. मी बरा होऊन परत गेलो तेव्हा पाहतो तो पूर्वेकडील प्रत्येक भेग चाळलेल्या मातीने बुजविलेली. तेव्हापासून फाल्गुन संपला की भेगा बुजविण्याच्या पाळ्या लागतात, आणि ज्या मुलाने एकदाही भेग बुजविली नाही त्याला दसऱ्याच्या सामन्यात घेत नाहीत. १९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय निघाले आणि तेथील विद्यार्थी संध्याकाळी आमच्याकडे खेळावयास येऊ लागले. त्यांतील एकाने आम्हांला प्रथम सांगितले की या मातीतील चिकणकणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते म्हणून ती फुगते आणि पाणी गेले म्हणजे आकसते, त्यामुळे भेग वरून बुजविली तरी पुढच्या वर्षी ती तेथेच, किंवा शेजारी, पुन्हा उघडणार. गुरुजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘म्हणजे पाळ्या दरवर्षी लावाव्या लागणार.’

त्याच १९५६ सालच्या अखेरीस मास्तरसाहेबांचा फुटबॉल आमच्या सर्वांचा झाला. हैदराबाद हे तेव्हा फुटबॉलचे माहेरघर होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता, आणि त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच भारतीय संघाचेही शिक्षक होते. मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला, मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी त्यांतील तीन गोल एकट्याने केले, आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला. ही वार्ता जिनिंगच्या कारखान्यातील रेडिओवरून मैदानावर पोहोचली तेव्हा मास्तरसाहेबांनी शिट्टी तोंडातून काढली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी खो-खोच्या, हुतूतूच्या, आट्यापाट्याच्या सर्व मुलांना पूर्वेच्या भागात बोलावून प्रत्येकाला एक एक वेळ चेंडूला पाय लावावयास दिला.

मेलबर्न हे नाव त्या दिवशी या मैदानाच्या कानी पडले, ते पुढे आणखी एका वाटेने येथे आले. कृषी महाविद्यालयाचे १९७२ साली विद्यापीठ झाले. तेथे शिकलेला आणि आपल्या मैदानावर वाढलेला एक खेळाडू संशोधनानिमित्त ऑस्ट्रेलियात गेला आणि मेलबर्नच्या एका उपनगरात स्थायिक झाला. त्याने मला लिहिलेल्या पत्रांतून तिकडच्या एका खेळाची मला ओळख झाली, आणि तो खेळ मला माझ्या मैदानाशी इतका जवळचा वाटला की या इतिहासात त्याला स्थान देणे मला अप्रस्तुत वाटत नाही. त्यास ते नुसते ‘फुटी’ म्हणतात. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, प्रत्येक बाजूस अठरा गडी, आणि गोलासाठी चार उभे खांब, ज्यांना वर आडवी दांडी नाही. मैदानाचे एकच ठराविक माप नाही. कोठे ते लांबट, कोठे ते रुंद, कारण तेथील पहिले खेळाडू ज्या कुरणात जागा मिळाली त्यात खेळले. मेलबर्न फुटबॉल क्लबाने १८५९ साली त्याचे नियम प्रथम लिहिले. टॉम विल्स या क्रिकेटपटूने त्याच्या आदल्या वर्षी अशी सूचना केली होती की क्रिकेट खेळणाऱ्यांचे अंग हिवाळ्यात शिथिल पडू नये म्हणून फुटबॉलची संस्था काढावी. म्हणून आजतागायत तेथील उपनगरातील मैदान बहुधा हिवाळ्यात फुटीचे आणि उन्हाळ्यात क्रिकेटचे असते, आणि दोन्ही मंडळे एकाच पटांगणावर नांदतात.

या खेळाचा एक नियम मी आमच्या मुलांना नेहमी सांगतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याने दर १५ मीटरच्या आत तो एकदा जमिनीला लावला पाहिजे. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटून पुन्हा नेमका हातात येणे हे जमिनीच्या प्रत्येक उंचसखल जागेची ओळख असल्याखेरीज शक्य नाही. म्हणजे त्या खेळात धावणाऱ्याला आपल्या मैदानाची मिनतवारी पावलोपावली करावीच लागते, जशी आमच्या हुतूतूत मध्यरेषा ओलांडून परतेपर्यंत दमाची करावी लागते. आमच्या त्या मित्राचा मुलगा तेथील मंडळात खेळला. शनिवारी सकाळी बापांनी रेषा आखावयाच्या, आयांनी आळीपाळीने खाद्यपदार्थांची खिडकी सांभाळावयाची, आणि मंडळाच्या खोलीत लाकडी फळ्यांवर वर्षानुवर्षांच्या कप्तानांची नावे सोनेरी अक्षरांत लिहून ठेवावयाची, ही रीत त्याने वर्णिली तेव्हा मला आपल्याकडील फक्की, शेणकाला आणि पंगत यांची आठवण झाली. आणखी एक योग असा की, १९५६ च्या ज्या ऑलिंपिकात आपला फुटबॉल संघ चौथा आला, त्याच ऑलिंपिकात मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर हा त्यांचा देशी खेळ प्रदर्शनार्थ खेळला गेला होता. अमरावतीकरांनी वीस वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये केले तेच त्यांनी आपल्या घरच्या अंगणात केले.

आपल्या मैदानाकडे परत येऊन १९७२ च्या दुष्काळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्या वर्षी खेळ झालाच नाही. मैदानाची विहीर आटली, शिंपावयास पाणी नाही, थराची माती वाऱ्याबरोबर उडून गेली, आणि आमचे बहुतेक गडी खडी फोडण्याच्या कामावर होते. लाल मिलोची भाकरी खाऊन दिवसभर हातोडा चालविणाऱ्यास संध्याकाळी हुतूतूचा दम घेण्यास सांगण्याचे धाडस कोणाला होणार? दुसऱ्या पावसाळ्यानंतर मैदानावर पुन्हा हरळी आली, सराटे आले, आणि मंडळाने आरंभी केलेले काम पुन्हा पहिल्यापासून केले. त्या वेळी सराटे वेचावयास प्रथमच मुलीही आल्या, आणि ज्यांनी सराटे वेचले त्यांना खेळावयास नाही म्हणणे गुरुजींच्या न्यायात बसण्यासारखे नव्हते. मुलींचा खो-खोचा संघ असा निर्माण झाला. आज मंडळाची कीर्ती जिल्ह्याबाहेर ज्यांनी नेली त्या सर्व मुलीच आहेत. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली, तेव्हा आमच्या मुलींनी ते अंतिम सामने मैदानाशेजारच्या खोलीत दाटीवाटीने बसून पाहिले, आणि ते संपताच अंधार पडला असतानाही त्या बाहेर जाऊन खेळू लागल्या.

जागेच्या मालकीची हकीकत मनाला क्लेश देणारी असली तरी टाळता येणार नाही. खासरा पाहणी पत्रकात हा तुकडा गायरान म्हणून होता. पुढे सातबारा आला, नगररचना आली, आणि एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवावे, दुसरीने पहिलीकडे, असे करता करता मंडळाच्या नावे वहिवाटीची नोंद व्हावयास जवळजवळ एका पिढीचा काळ गेला. या अवधीत पूर्वेकडील पट्टी, म्हणजे मास्तरसाहेबांचे फुटबॉलचे मैदान, रस्त्यात गेली. मास्तरसाहेब तोवर हयात नव्हते, ही गोष्ट मी त्यांच्या भाग्याची मानतो. आता त्या रस्त्याने जाताना मी मनातल्या मनात गोलाचे खांब जेथे होते ती जागा पाहतो. ती आज एका औषधाच्या दुकानासमोर येते.

अलीकडे स्पर्धा मॅटवर होतात आणि मंडळानेही मॅट घेतली आहे. पालम किंवा सोनपेठच्या मुलास मुंबईच्या मुलाइतकीच समान भूमी मिळते, गुडघे कमी फुटतात, पाऊस पडला म्हणून सामना राहत नाही. हे लाभ मोठे आहेत, आणि मुलींच्या प्रशिक्षकांनी मॅटचा आग्रह धरला तेव्हा मी त्याच्या बाजूने मत दिले. परंतु गंगाखेडच्या वाळवंटात आम्ही का हरलो हे मॅटवर वाढलेल्या मुलास कधी कळणार नाही, आणि मॅटला भेगा पडत नसल्यामुळे तिच्यासाठी पाळ्या लावाव्या लागत नाहीत. म्हणून आठवड्यातून तीन दिवस सराव मातीवरच व्हावा असा ठराव मी मांडला, आणि तो एकमताने संमत झाला.

त्या ठरावामुळे एक नवी अडचण पुढे आली. थर दरवर्षी झिजतो आणि दसऱ्यानंतर नवी पांढरी माती टाकावी लागते. परंतु ज्या गढीच्या बुरुजाने आमचे मैदान इतकी वर्षे पोसले ती गढी आता संपली आहे, तिच्या जागी घरे उभी राहिली आहेत. गेल्या वर्षी आमच्या वडिलार्जित वाड्याची मागील भिंत पावसाने कोसळली. मुले पुण्याला असतात, भिंत पुन्हा उभारण्याचे कारण कोणास नव्हते; तेव्हा मी मंडळाला निरोप पाठविला, आणि ट्रॅक्टरच्या चार खेपांत ती भिंत मैदानावर गेली. दोन रविवार मुलींनी ती माती चाळली. चाळणीत राहिले ते बांगडीचे काही तुकडे, एक कवडी, आणि चारमिनारच्या छापाची, हाली शिक्क्याची एक पावली. ‘आजोबा, ही तुमच्या घरची आहे,’ असे म्हणून त्या मुलींनी ती मला आणून दिली. ती आता पत्र्याच्या पेटीत, मास्तरसाहेबांच्या दरखास्तीच्या घडीत ठेवली आहे.